घरावर सोलर बसवताय? आधी बिल वाचा, लाईट किती जाते ते लिहा, बॅटरीचं मग बघू

परभणीत आमच्या गल्लीत आता चार-पाच गच्च्यांवर प्लेटा दिसायल्यात आणि ज्यांच्याकडे नाहीत ते रोज एकच विचारायलेत, की बॅटरीवालं घेऊ का बिगर बॅटरीचं, आणि ते एक्स्पोर्टचे, म्हणजे जास्तीची वीज तारेत सोडल्याचे पैसे खरंच मिळतात का. मी स्वतः घरी 2 किलोवॅट बसवलंय, गावाकडं जिंतूर तालुक्यात आई-अण्णांसाठी वेगळ्या पद्धतीचं बसवलंय, आणि दोन्हीकडं काही गोष्टी आधी माहीत असत्या तर पैसे आणि डोकं दोन्ही वाचलं असतं म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. अगदी नवीन माणसाला समजावं असं लिहायचा प्रयत्न आहे, ज्यांना माहितीय त्यांनी पहिले दोन-तीन परिच्छेद सोडले तरी चालतंय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बिल कमी करणं हे एक काम आहे आणि लाईट गेल्यावर घर चालू ठेवणं हे पूर्ण वेगळं काम आहे. दुकानात गेलं की दोन्ही एकाच वाक्यात सांगतात आणि तिथंच माणूस फसतो. आमचंच सांगतो. बसवणाऱ्यानं सांगितलं होतं की आता लाईट गेली तरी टेन्शन नाही, आणि मे महिन्यात भर दुपारी एक वाजता डीपीवर काहीतरी झालं, लाईट गेली, वर ऊन असं की गच्चीवर पाय ठेवता येईना, आणि घरात पंखा बंद. मी जिन्यात जाऊन इन्व्हर्टर बघितला तर लाल दिवा. फोन केला तेव्हा कळलं की साधा ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या तारेला जोडलेला बिगर बॅटरीचा इन्व्हर्टर लाईट गेली की स्वतःहून बंद पडतो, आणि तो बंद पडलाच पाहिजे, कारण नाहीतर तुमच्या प्लेटांची वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. त्यामुळं ही खराबी नाही, हा नियम आहे. पण हे आधी सांगायला पाहिजे होतं ना.

पहिलं काम: बारा महिन्यांची बिलं काढा

एका महिन्याचं बिल घेऊन दुकानात जाऊ नका. महावितरणच्या ॲपमधे 12 अंकी ग्राहक क्रमांक टाकला की मागची बिलं निघतात, वर्षभराचे युनिट एका कागदावर लिहून काढा. आपल्याकडं एप्रिल-मे-जूनमधे कूलर, काहींकडं एसी, त्यामुळं युनिट दुपटीनं वाढतात आणि डिसेंबर-जानेवारीत एकदम खाली येतात. उन्हाळ्याचं बिल बघून सिस्टीमचा साईज ठरवला तर हमखास जास्तीचं बसतं.

आता बिलावरचे शब्द. स्थिर आकार म्हणजे मीटर असल्याबद्दल दर महिन्याला भरायची रक्कम, ती सोलर बसवलं तरी जात नाही, त्यामुळं "बिल झिरो" असं जे म्हणतात ते अगदी झिरो नसतं. वीज आकार आणि वहन आकार हे युनिटवर लागतात. इंधन समायोजन आकार कधी असतो कधी नसतो. आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क.

यातली खरी गंमत स्लॅबमधे आहे. घरगुती मीटरला 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर असे टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात वहन आकार धरून युनिट साधारण सहा रुपयांच्या आसपास पडतं आणि 100 ओलांडलं की पुढचं प्रत्येक युनिट एकदम दुप्पट, म्हणजे बारा-साडेबाराच्या घरात. 300 च्या वर अजून महाग. दर वीज नियामक आयोगाच्या आदेशानं बदलत राहतात म्हणून आकडा तुमच्या चालू बिलावरून घ्या, पण हा दुपटीचा उडीचा प्रकार लक्षात ठेवा, कारण सोलरचं युनिट तुमच्या बिलातून वरच्या टोकाकडून वजा होतं. म्हणजे आधी महागडी युनिटं कमी होतात, स्वस्त युनिटं शेवटी.

उदाहरण घ्या. समजा वर्षाची सरासरी महिन्याला 280 युनिट आहे. पहिले 100 सहा रुपयांनी 600, वरचे 180 साडेबारानं 2250, झाले 2850, त्यात स्थिर आकार आणि वर 16 टक्के शुल्क, म्हणजे बिल 3400-3500 च्या आसपास. आपल्या भागात 1 किलोवॅट सोलर दिवसाला सरासरी 4 युनिट, महिन्याला 120 युनिट देतं असं धरायचं. 2 किलोवॅट म्हणजे 240. बिलाला राहिले 40 युनिट, तेही स्वस्तातले. बिल चार-साडेचारशेवर येतं. म्हणजे महिन्याला तीन हजार वाचले. आता तिसरा किलोवॅट बसवला तर तो काय वाचवणार, तर ते उरलेले 40 युनिट सहा रुपयांचे, म्हणजे महिन्याला जेमतेम पावणेतीनशे रुपये. पहिले दोन किलोवॅट दोन-अडीच वर्षांत पैसे फेडतात आणि तिसऱ्याला आठ-नऊ वर्षं लागतात, तेही एकाच घरात. बसवणारा मात्र तुम्हाला "78 हजार सबसिडी पूर्ण घ्या, तीनच बसवा" म्हणणार. तुमचा वापर 350-400 युनिटचा असेल किंवा घरात एसी, इलेक्ट्रिक स्कूटर येणार असेल तर तीन बरोबरच आहे, नाहीतर कागदावर आकडेमोड करूनच ठरवा.

सबसिडी अशी आहे. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मधे आली, त्यात पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, म्हणजे तीन किंवा त्याच्या वर कितीही बसवलं तरी जास्तीत जास्त 78 हजार. योजना 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंत आहे. प्लेटा भारतात बनलेल्या, ज्याला डीसीआर म्हणतात त्याच पाहिजेत, बाहेरच्या स्वस्त प्लेटा बसवल्या तर सबसिडी नाही. आणि बॅटरीला वेगळी सबसिडी नाही, बॅटरी लावली तरी रक्कम किलोवॅटवरच मिळते. कुणी "बॅटरीपण सबसिडीत बसवून देतो" म्हणत असेल तर तिथून उठा.

शेतीच्या पंपाचं सोलर म्हणजे मागेल त्याला सौर कृषी पंप, ते पूर्ण वेगळं प्रकरण आहे, अर्ज वेगळा, प्लेटा वेगळ्या, त्या प्लेटांवरून घराला तार ओढायची नसते.

दुसरं काम: पंधरा दिवस वही

हे कुणी करत नाही पण बॅटरीचा निर्णय पूर्ण यावर आहे. एक वही घ्या, लाईट कधी गेली, कधी आली, दिवसा का रात्री, एवढंच लिहा. जमलं तर एक पंधरवडा उन्हाळ्यात आणि एक पावसाळ्यात. साधा दीडदोनशे रुपयांचा व्होल्टेज दाखवणारा प्लग मिळतो, तो लावून संध्याकाळी सात वाजता व्होल्टेज किती दिसतंय तेही लिहा.

आमच्या परभणीच्या घराची वही अशी निघाली की महिन्यात सहा-सात वेळा, बहुतेक वेळा अर्धा-पाऊण तास, वळवाच्या दिवसात एखाद्या वेळी तीन-चार तास. गावाकडची वही एकदम वेगळी. तिथं गावठाण फिडरवर दिवसा दोन-दोन तीन-तीन तास लाईट नाही, वारं सुटलं की तार तुटते, मग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंधार, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज 170 च्या खाली. अशा ठिकाणी साधं ऑन-ग्रिड बसवलं तर ऐन उन्हात लाईट नाही म्हणून इन्व्हर्टर बंद, आणि तेवढे युनिट वाया. म्हणजे बिलाचा फायदापण निम्म्यावर येऊ शकतो. एकाच कुटुंबातल्या दोन घरांना दोन वेगळ्या सिस्टीम लागल्या त्या या वहीमुळं.

इंपोर्ट, एक्स्पोर्ट आणि "टॅरिफ निवडा" म्हणजे काय

यूट्यूबवर जे व्हिडिओ येतात त्यातले लई इंग्लंडचे असतात. तिथं वीज विकत घ्यायचा प्लॅन एका कंपनीचा आणि विकायचा प्लॅन दुसऱ्या कंपनीचा असं ग्राहक निवडू शकतो, 2020 पासून तिथल्या मोठ्या कंपन्यांना एक्स्पोर्टचा दर द्यावाच लागतो, आणि काही प्लॅनमधे मध्यरात्री वीज एकदम स्वस्त असते. म्हणून तिथला माणूस रात्री बॅटरी भरतो, संध्याकाळी महाग वेळेला वापरतो किंवा विकतो, आणि बॅटरीचे पैसे त्यातून सुटतात. ते बघून आपल्याकडची पोरं विचारतात की आपणपण असं करू का. नाही. आपल्याकडं मराठवाड्यात घरगुती ग्राहकाला महावितरण एकच, आणि रात्री स्वस्त असा घरगुती दर नाही. उलट आपल्याकडं स्वस्त वेळ दिवसाची आहे. जुलै 2025 पासून टीओडी म्हणजे वेळेप्रमाणे दर दाखवणारं स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागं 80 पैसे सवलत आली, पुढं ती टप्प्याटप्प्यानं एक रुपयापर्यंत जाणार असं आहे.

आपल्याला निवड करायची ती नेट मीटरिंग, नेट बिलिंग आणि ग्रॉस मीटरिंग या तीन शब्दांत. घरासाठी नेट मीटरिंगच घ्या, अर्जात तेच लिहिलंय का ते डोळ्यांनी बघा. नेट मीटरिंगमधे दुपारी तुमच्या प्लेटांनी जास्तीची वीज तारेत टाकली (हे एक्स्पोर्ट) की ती युनिटमधे जमा होते, रात्री तुम्ही तारेतून घेतलेली युनिटं (हे इंपोर्ट) त्यातून वजा होतात. युनिटला युनिट. दुपारचं एक युनिट दिलं, रात्री एक युनिट घेतलं, हिशोब बरोबर. नेट बिलिंगमधे असं नसतं, तिथं दिलेलं युनिट एका ठरलेल्या कमी दरानं जमा आणि घेतलेलं युनिट तुमच्या स्लॅबच्या पूर्ण दरानं वसूल. ग्रॉस मीटरिंगमधे तर प्लेटांची सगळीच वीज विकायची आणि घराची सगळी विकत घ्यायची.

नेट मीटरिंगचा खरा अर्थ असा की सगळी तार हीच तुमची बॅटरी आहे, आणि ती फुकट आहे, गरम होत नाही, पाणी टाकावं लागत नाही. जोपर्यंत घरगुतीला नेट मीटरिंग आहे तोपर्यंत बिल वाचवायला बॅटरी घेणं म्हणजे घरात नळ असताना टँकर विकत घेतल्यासारखं आहे. स्मार्ट मीटर लागल्यावर मात्र कार्यालयात एक प्रश्न नक्की विचारा, माझ्या वर्गवारीत दिवसाचे एक्स्पोर्ट युनिट रात्रीच्या वापरातून पूर्ण वजा होतात का. उत्तर तोंडी ऐकून गप्प बसू नका, पहिल्या दोन बिलांत स्वतः ताळा करा.

आणि एक तारीख भिंतीवर लिहून ठेवा, 31 मार्च. महिन्याला उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जातात पण ते एप्रिल ते मार्च याच आर्थिक वर्षात. 31 मार्चला जे शिल्लक आहे त्याचा हिशोब बंद होतो आणि त्याचे पैसे तुमच्या विकत घ्यायच्या दरापेक्षा लई कमी दरानं जमा होतात. आता आपल्या हवामानाला हे लावून बघा. डिसेंबर ते मार्च आपल्याकडं आभाळ मोकळं, ऊन छान, आणि घरात कूलर बंद, म्हणजे शिल्लक सगळी याच काळात पडते. आणि एक एप्रिलला, कूलर जोरात चालू व्हायच्या तोंडावर, खातं रिकामं. म्हणून "हिवाळ्यात साठवू आणि उन्हाळ्यात वापरू" हे गणित चालत नाही, आणि म्हणूनच मोठी सिस्टीम बसवून एक्स्पोर्टमधून कमवायचं स्वप्न सोडून द्या. सरासरीपेक्षा थोडं कमीच बसवा. फेब्रुवारीत शिल्लक जास्त दिसली तर गॅसवरचं पाणी तापवणं गीझरवर, धान्य दळणं घरच्या चक्कीवर, असं वापरून संपवा, ते परवडतं.

तिसरं काम: बॅटरी घ्यायची का, कोणती, किती

बॅटरीचा हिशोब एकदाच नीट मांडतो. 51.2 व्होल्ट 100 ॲम्पिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण 5 युनिट, त्यातले रोज 4 वापरायचे. आता धरा ती लाख-सव्वालाखाला पडली आणि दहा वर्षं रोज चालली, तर एकूण 14,600 युनिट साठवले. म्हणजे एक युनिट नुसतं साठवून परत काढायला साडेसात-आठ रुपये, भरताना-काढताना थोडं वाया जातं ते वेगळं. तेच काम नेट मीटर फुकट करतं. आणि टीओडीच्या 80 पैशांसाठी बॅटरी घ्यायची म्हणाल तर 4 युनिटला दिवसाला तीन रुपये वीस पैसे, वर्षाला बाराशे रुपयांच्या आत. लाख रुपये फिटायला नातवंडांची लग्नं होतील. त्यामुळं बॅटरी घ्यायची ती फक्त लाईट जाते म्हणून, आणि ते कारण खरं असेल तर जरूर घ्यावी. म्हातारी माणसं, ऑक्सिजनचं मशीन, बारावीची लेकरं, शिलाई मशीनवर चालणारं घर, अशा ठिकाणी मी पैशाचा हिशोब लावतच नाही.

शहरातल्या बहुतेक घरात आधीच एक साधा इन्व्हर्टर आणि 150 ॲम्पिअरची ट्यूबलर, म्हणजे पाणी टाकायची बॅटरी असते. तसं असेल तर काहीच नवीन घेऊ नका, तो तसाच राहू द्या, सोलर वेगळं ऑन-ग्रिड बसवा. लाईट गेली की सोलर बंद होईल पण पंखे-दिवे जुन्या इन्व्हर्टरवर चालतील. परभणीच्या घरी मी शेवटी हेच केलं आणि मेच्या त्या दुपारनंतर परत तक्रार नाही.

दिवसा तास-तास लाईट नसेल, जसं आमच्या गावाकडं, तर हायब्रिड इन्व्हर्टर घ्या. तो लाईट गेल्यावर तारेपासून घर तोडतो आणि प्लेटा व बॅटरीवर घरातली ठरावीक लाईन चालू ठेवतो. घेताना विचारा की लाईट नसताना बॅटरी कमी असली तरी उन्हावर घर चालतं का, व्होल्टेज किती खाली गेल्यावर ट्रिप होतो, आणि हाच मॉडेल नेट मीटरिंगला मंजूर होतो का.

किती मोठी बॅटरी ते असं काढा. लाईट गेल्यावर चालूच पाहिजे अशा वस्तू लिहा. आमच्या गावाकडची यादी: चार बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचे) पंखे प्रत्येकी 30 वॅट म्हणजे 120, सहा एलईडी 55, टीव्ही 80, राऊटर 10, फ्रीज चालू असताना 130. सगळे मिळून 400 वॅटच्या आसपास. चार तास चालवायचं तर 1.6 युनिट. एवढ्याला अडीच युनिटची लिथियम बॅटरी भरपूर झाली. अण्णांनी कूलर धरला, तो 180 वॅट, म्हणून मी पाच युनिटची घेतली, आणि खरं सांगतो, मे महिन्यात तो निर्णय बरोबर वाटला. जुने 75 वॅटचे पंखे काढून बीएलडीसी लावले नसते तर नुसत्या पंख्यांनाच 300 वॅट गेले असते, त्यामुळं बॅटरी वाढवण्याआधी पंखे बदला, ते स्वस्तात पडतं. बोअरची मोटार, गीझर, इस्त्री, मिक्सर या लाईनवर घेऊ नका. एक एचपीची मोटार चालताना साडेसातशे वॅटच्या वरच घेते पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढते आणि इन्व्हर्टर धाडकन बंद होतो. इलेक्ट्रिशियनला आधीच सांगून बॅकअपची लाईन वेगळी ओढून घ्या, नंतर भिंत फोडायला लागते.

ट्यूबलर का लिथियम? ट्यूबलर 150 ॲम्पिअर 12 व्होल्ट म्हणजे कागदावर 1.8 युनिट पण निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे हाताशी एक युनिटसुद्धा नाही. तीन-चार महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर टाकायचं, तेही विकतचंच, बोअरचं पाणी टाकलेल्या बॅटऱ्या मी बघितल्यात, वर्षात बसतात. चार्ज होताना गॅस निघतो म्हणून झोपायच्या खोलीत ठेवायची नाही. बजेट कमी आणि लाईट क्वचित जात असेल तर ट्यूबलर ठीक. रोजचा वापर असेल तर लिथियम फेरो फॉस्फेटच घ्या, बिलावर तेच केमिकल लिहून घ्या, आणि वॉरंटी किती वर्षांची आणि किती सायकलची (म्हणजे किती वेळा भरून उतरवायची) हे दोन्ही लिहून घ्या.

बॅटरी ठेवायची जागा हा आपल्याकडं मोठा विषय आहे. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, मेमधे तिथं आत पन्नास डिग्री होतं आणि कुठलीच बॅटरी त्यात टिकत नाही. जिन्याखाली, हवा येईल अशी, सावलीत, गॅसच्या टाकीपासून लांब. आम्ही गावाकडं धान्याच्या कोठीशेजारच्या खोलीत ठेवली, जुन्या दगडी भिंतीमुळं तिथं गार राहतं.

हायब्रिडच्या सेटिंगमधे एक गोष्ट बसवणारा हमखास चुकवतो. तो रोज रात्री बॅटरी खाली करायचं सेटिंग ठेवून जातो, कारण "सोलरवर घर चालतंय" असं ॲपमधे छान दिसतं. पण नेट मीटर असेल तर रोज बॅटरी झिजवून काही मिळत नाही, आणि नेमकी पहाटे लाईट गेली की बॅटरी रिकामी. रिझर्व्ह, म्हणजे बॅटरीत कायम राखून ठेवायचा साठा, 70-80 टक्क्यांवर ठेवायला सांगा, म्हणजे तारेला लाईट असताना बॅटरी भरलेलीच राहील.

चौथं काम: छत, ऊन, वारं

माळवदाच्या घरावर स्ट्रक्चर उभं करू नका. मातीचा थर आणि लाकडी सऱ्या वरचं वजन आणि वाऱ्याचा ओढ दोन्ही सहन करणार नाहीत, पावसाळ्यात गळतंय ते वेगळंच. आमचं गावाकडचं घर माळवदाचं आहे, म्हणून प्लेटा शेजारच्या स्लॅबच्या दोन खोल्यांवर घेतल्या. पत्र्यावर बसवता येतं पण खालचे अँगल मजबूत पाहिजेत. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा धरा. तोंड दक्षिणेला, कलता कोन 18-20 अंश, कारण आपण साधारण 18 ते 20 अक्षांशावरच आहोत. सावली डिसेंबरमधे बघा, तेव्हा सूर्य खाली असतो आणि टाकीची, शेजारच्या मजल्याची, लिंबाच्या झाडाची सावली लांब पडते. एका प्लेटवर पडलेली पाण्याच्या पाईपची सावलीपण पूर्ण रांगेचं उत्पादन खाली ओढू शकते.

मेमधे सगळ्यात जास्त वीज बनेल असं वाटतं ना, तसं होत नाही. प्लेट तापली की 25 डिग्रीच्या वरच्या प्रत्येक डिग्रीला साधारण पाव ते चाळीस शतांश टक्का उत्पादन घटतं, आणि आपल्याकडं 43 डिग्रीत प्लेट स्वतः 65 च्या घरात जाते. म्हणून फेब्रुवारी-मार्चचे आकडे मेपेक्षा चांगले दिसले तर घाबरू नका. प्लेट आणि स्लॅबच्या मधे वारं खेळेल एवढी उंची ठेवा.

वळवाच्या वाऱ्यासाठी स्ट्रक्चर हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं पाहिजे, नुसता चंदेरी रंग मारलेला लोखंडी पाईप नको. स्लॅबला भोकं पाडून बोल्ट मारले की दोन वर्षांत गळती, त्यापेक्षा काँक्रीटचे ठोकळे ओतून घ्या. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी बघितलीय त्यांना सांगायला नको, प्लेटची काच 25 मिलिमीटरच्या गारेच्या चाचणीतून गेलेली असते, त्याच्यापेक्षा मोठ्या गारांची हमी कुणी देत नाही, म्हणून घराच्या विम्यात सोलर लिहून घ्या.

वीज पडण्याचा धोका आपल्या भागात खरा आहे. लायटनिंग अरेस्टर आणि तीन वेगळ्या अर्थिंग, एक प्लेटांच्या बाजूची, एक घराच्या बाजूची, एक अरेस्टरची, हे काम पैसे वाचवायला कापू देऊ नका. आणि काळ्या मातीत अर्थिंग असेल तर उन्हाळ्यात भेगा पडून माती खड्ड्यापासून सुटते, अर्थिंग नावालाच राहते. मार्च ते जून आठवड्याला एक बादली पाणी अर्थिंगच्या खड्ड्यात टाका.

प्लेटा धुणं: पंधरा दिवसांनी, ज्वारी-सोयाबीनच्या मळणीच्या दिवसात आठवड्याला. सकाळी सहा-सातला, तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही. अण्णांनी पहिले दोन महिने बोअरच्या पाण्यानं धुतल्या आणि काचेवर पांढरे क्षाराचे चट्टे बसले, नखानं निघेनात. मग पातळ व्हिनेगरच्या पाण्यात फडकं भिजवून एक-एक प्लेट पुसत बसलो, पूर्ण सकाळ गेली. आता पावसाचं साठवलेलं किंवा फिल्टरचं एक बादली पाणी, काठीला बांधलेलं मऊ फडकं आणि शेवटी रबराची पट्टी ओढून पाणी काढून टाकायचं, एवढंच. ज्या भागात 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं पाईप लावून प्लेटा धुणं मनाला पटतच नाही, आणि गरजपण नाही.

पाचवं काम: अर्ज

सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते नावावर. बिल अजून आजोबांच्या नावावर, बँक खातं नातवाचं, मग सबसिडी कुणाला? आधी मीटर स्वतःच्या नावावर करून घ्या, थकबाकी असेल तर भरा, मगच पीएम सूर्यघर पोर्टलवर नोंदणी करा. बिलावरचं, आधारवरचं आणि पासबुकवरचं नाव एकसारखं पाहिजे, मधलं नाव किंवा आडनावाचं स्पेलिंगसुद्धा. पोर्टलवर राज्य, महावितरण, ग्राहक क्रमांक, मोबाईल, एवढं टाकून अर्ज होतो. 10 किलोवॅटपर्यंतच्या घरगुती अर्जाला वेगळ्या तांत्रिक तपासणीची वाट बघावी लागत नाही. मग पोर्टलवरच्या यादीतला, म्हणजे नोंदणी असलेला बसवणारा निवडा, त्याच्याशी लेखी करार करा, काम झाल्यावर फोटो अपलोड, नेट मीटर बसणं, तपासणी, मग प्रमाणपत्र, आणि शेवटी बँकेची माहिती भरली की सबसिडी थेट खात्यात. पूर्ण पैसे आधी देऊ नका, शेवटचा हप्ता नेट मीटर बसून चालू झाल्यावर. बँकेचं कर्जपण विनातारण मिळतं, व्याज साध्या पर्सनल लोनपेक्षा बरंच कमी आहे, राष्ट्रीयीकृत बँकेत विचारा. दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला 100 युनिटच्या आतल्या ग्राहकांसाठी राज्य सरकारचं वेगळं जास्तीचं अनुदान आहे, गावातल्या गरजू घरांना हे नक्की सांगा.

कोटेशनमधे या गोष्टी नावासकट लिहून घ्या: प्लेटांची कंपनी, वॅट आणि नग, इन्व्हर्टरचं मॉडेल, वायरची जाडी, अर्थिंग किती, स्ट्रक्चरची उंची, पाच वर्षांची देखभाल कोण करणार.

चालू झाल्यावर

नेट मीटर बसलं त्या दिवशी डिस्प्लेचे फोटो काढा. मीटरवर आकडे आळीपाळीनं फिरतात, त्यात इंपोर्ट आणि एक्स्पोर्ट असे दोन वेगळे केडब्ल्यूएच (म्हणजे युनिट) येतात, दोन्ही येईपर्यंत थांबा. आमचं पहिलं बिल आलं त्यात एक्स्पोर्ट शून्य दाखवलं होतं आणि इंपोर्ट पूर्ण लावलं होतं. माझ्याकडं तारखेचे फोटो होते, ते घेऊन लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आणि पुढच्या बिलात दुरुस्ती होऊन आली. फोटो नसते तर मी कशाच्या जोरावर बोललो असतो. तेव्हापासून दर महिन्याच्या रीडिंगच्या दिवशी आणि 31 मार्चला संध्याकाळी मीटरचे दोन फोटो आणि इन्व्हर्टरच्या ॲपमधला महिन्याचा आकडा एकाच वहीत लिहितो. ताळा सोपा आहे: प्लेटांनी बनवलेले युनिट, त्यातून एक्स्पोर्ट वजा केले की घरात थेट वापरलेले निघतात, त्यात इंपोर्ट मिळवलं की घराचा पूर्ण वापर. हा आकडा मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या बिलाशी जुळत नसेल, आणि घरात काही नवीन वस्तू आली नसेल, तर आधी रीडिंग परत तपासा, आणि प्लेटांनी बनवलेले युनिटच कमी दिसत असतील तर प्लेटा पुसून बघा, मग सावली बघा, मग बसवणाऱ्याला फोन करा.